पाटाकाठची लांबटांगी माशी
कीटकांच्या पेटीत ठेवतात त्या डांबरगोळ्यांचा वास आला की मला सारंगखेड्याचा पाट आठवतो. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असताना मी तिथं लांबटांगी माशी पकडायला जायचो. दिसायला डासासारखी, पण डासाच्या कितीतरी पट मोठी. माझ्या जाळीत तिचे पाय हमखास तुटायचे. शेजारच्या पपईत निंदणी करणारी एक बाई ते पाहून हसली, "मास्तर, वर जाळी मारीसन काय भेटी? खाले दखा!" तिनं पाटाच्या कडेचा गाळ बोटांनी उकरून मला अळी दाखवली. मग गवताला लटकलेली माशी पंखांना चिमटीत धरून अशी उचलली, की सहाही पाय शाबूत. "हाई चावत नही. गाळम्हा जलमस, दिवाईनंतर पंधरा दिन उडस, बस." पुढची तीन वर्षं दिवाळीनंतर जाऊन मी पडताळून पाहिलं, तिचं एकदाही चुकलं नाही. माझा लेख छापून आला, तो फक्त माझ्या नावानं. तरी मी तो तिला दाखवायला नेला. तिला वाचता येत नव्हतं. "मन्हं नाव कोठे शे?" तिनं विचारलं. तिचं नाव म्हणून मी माझ्याच नावावर बोट ठेवलं. तिनं पदराला हात पुसले आणि त्या अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं. ती आता नाही, म्हणून निदान इथं लिहून ठेवतो: ते नाव तिचं नव्हतं, त्याखालचं सगळं तिचं होतं.