विहिरीची खोटी हजेरी

आमच्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस आगरदांड्याच्या जेट्टीपासून पार हरिहरेश्वरापर्यंत सापडायचा नाही, आणि अशा माणसाला फसवायचा मान नेमका मला मिळाला. मामा निवृत्त प्राथमिक शिक्षक. सुपारीच्या वाडीतल्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकून त्यांनी रेकॉर्डिंगची सोय केली, ती गावातल्या लग्नांत धवले गाणाऱ्या म्हाताऱ्या धवलारीण आजींसाठी. आजींचे सगळे धवले त्यांच्या हयातीत नोंदवून ठेवायचे, हा मामांचा एकच ध्यास. पण गाण्याआधी हजेरी. लॅपटॉपपुढे बसून ते वहीतल्या यादीप्रमाणे एकेका यंत्राला पुकारत आणि पडद्यावर त्याचं नाव दिसलं की त्याच्या वतीने स्वतःच "हजर" म्हणत. लॅपटॉपचा अंगचा माइक त्यांच्या मते आगाऊ. मोठ्या माइकला हाक मारली की हाच मध्ये तोंड घालतो, म्हणून त्याच्या तोंडावर चिकटपट्टी. मी भेट दिलेला बिनवायरचा हेडफोन आवाज क्षणभर उशिरा पोहोचवायचा, तर उशिरा येणाऱ्या पोराला करावं तसं त्यालाही त्यांनी वर्गाबाहेर, म्हणजे खिडकीत उभं केलं. तो अजून तिथेच आहे. आवाजावर संस्कार करणाऱ्या प्लग-इनांची इंग्रजी नावं त्यांना मंजूर नव्हती. खरखर गाळणारी ती 'चाळण' आणि आवाजाला घुमारा देणारी ती 'विहीर'. "पंधरा दिस खपून जुळवलीय ही विहीर, जावईबापू," ते मला बजावत. "आजी मांडवात गातात तवा घुमतं, तसंच्या तसं. हिला हात लावायचा न्हाय."

मी न्हावा शेव्याला एका कचेरीत कंटेनरांच्या याद्या करतो, एवढ्या भांडवलावर सासरी कंप्युटरमधला जाणकार म्हणून मिरवतो. त्या मोठेपणापायी गेल्या दिवाळीत, मामा बाजारात गेलेले पाहून, मी त्यांचं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं. नव्या आवृत्तीत त्यांची जुनी विहीर चालेना. मागची आवृत्ती परत बसवायला गेलो, तेही जमेना. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. मी हाताला लागलं ते दुसरं घुमाऱ्याचं प्लग-इन जोडलं आणि त्याला नाव टाकलं, 'विहीर'.

मामांनी हजेरी घेतली. सगळे हजर. मग त्यांनी आजींचा एक धवला लावला, अर्धा ऐकला, थांबवला, पुन्हा लावला. केबल काढून धोतराने पुसली. आपला जुना वायरचा हेडफोन डावा-उजवा बदलून पाहिला. माइकवर संशय, केबलवर संशय, विजेवरसुद्धा संशय; फक्त जावयावर संशय घेणं त्यांना सुचलं नाही. शेवटी हळूच म्हणाले, "हजेरी तर पुरी हाय. मंग माझेच कान गेले म्हनायचे."

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "वयोमानाने होतं, मामा."

हे वाक्य आठवलं की मला अजूनही आरशात बघवत नाही. त्या दिवसापासून मामांनी एकट्याने रेकॉर्डिंग करणं सोडलं. चार धवले राहिलेत, आजी थकल्यात, आणि मामांचा स्वतःच्या कानांवर भरवसा उरलेला नाही. म्हणून रविवारी मला बोलावणं येतं. दर रविवारी मी खरं सांगायचं ठरवून निघतो. तिथे आजी खुर्चीत बसलेल्या असतात, मामा आपल्या हातांनी हेडफोन माझ्या कानांवर नीट बसवतात आणि वही उघडतात. मोठा माइक, हजर. चाळण, हजर. विहीर, हजर. त्याखाली अलीकडे त्यांच्या वळणदार अक्षरात एक नवं नाव चढलंय.

"कान?" मामा पुकारतात आणि विश्वासाने माझ्याकडे बघतात.

मी "हजर" म्हणतो.