भिंतीपासून चार हात

माझा दादा मुख्याध्यापक होता. पस्तीस वर्षं त्यानं मुलांच्या बाह्यांतून, मोज्यांतून, एकदा तर प्लॅस्टरमधल्या हातातूनही कॉप्या बाहेर काढल्या. त्याच माणसाला सत्तराव्या वर्षी एका बाईनं कॉपी करताना पकडलं, आणि त्याबद्दल आमचं अख्खं घर त्या बाईंचे उपकार मानतं.

त्या म्हणजे हृदयरोगाच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर. अंगानं लहानखुऱ्या, 'मोठ्या' त्या नोकरीच्या सव्वीस वर्षांमुळे. उभं राहून राहून गुडघे झिजलेले, त्यामुळे त्यांच्या आधी त्यांच्या गुडघ्यांचा आवाज यायचा. जेवायला तीन वाजायचे, तेही एक कान मॉनिटरकडे लावून. "घरी सासूबाई माझं एक अक्षर ऐकत नाहीत," त्या म्हणायच्या, "म्हणून ड्यूटीवर येते. इथं अठरा जण मुकाट ऐकतात."

एकोणिसावा आमचा दादा.

त्याचं हृदय थकलं होतं. पंप कमजोर झाला की अंगात पाणी साठतं. आधी पाय सुजतात, मग पाणी छातीपर्यंत चढतं आणि श्वास पुरत नाही. म्हणून चहा-पाणी-औषध सगळं धरून दिवसाला दीड लिटर, आणि रोज सकाळी चहाआधी वजन. डॉक्टर म्हणाले होते, "तीन दिवस वजन वाढलं नाही, तर घरी." दादाला तर आपल्या घरच्या उशीचीसुद्धा आठवण येऊ लागली होती.

पण तहान त्याला छळत होती. त्यावर वहिनीनं तोड काढली आणि डब्यातून कलिंगडाच्या फोडी आणायला लागली.

"वहिनी, हे चालतं का?" मी विचारलं.

"पिणं मोजतात हो भाऊजी, खाणं कुठं मोजतात?"

मलाही ते पटलं. आमच्या घरात अक्कल सगळ्यांना सारखीच वाटलेली आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा काट्यावर चढला. काटा खिडकीला लागून होता. सिस्टर आकडा बघायला वाकल्या आणि दादानं मागच्या मागे तळहात खिडकीच्या कट्ट्यावर दाबून धरला. मी ते पाहिलं, आणि एकदम छताच्या पंख्याचं निरीक्षण करू लागलो.

"चौऱ्याहत्तर. कालच्याइतकंच," सिस्टर म्हणाल्या. वहिनी कपड्यांच्या घड्या घालायलाही लागली.

पण सिस्टरांची नजर दादाच्या पायावर गेली. मोज्याचं इलॅस्टिक मांसात रुतलं होतं. कुरकुरत्या गुडघ्यांवर त्या खाली बसल्या, मोजा उतरवला, नडगीवर अंगठा दाबून धरला आणि मनात दहा मोजून उचलला. तिथं खळगा पडला होता, चांगला बोराएवढा. तो भरेचना.

"सर, हा खळगा आणि तो आकडा, दोघांतलं एक जण खोटं बोलतंय. तुम्ही कोणाला वर्गाबाहेर काढाल?"

दादा काट्यावरून उतरला. सिस्टरांनी काटा ओढत भिंतीपासून चार हात दूर, वॉर्डाच्या मधोमध आणला. "चढा. हात डोक्यावर."

वजन पावणेदोन किलो जास्त निघालं. चष्म्याच्या घरात कलिंगडाची एक बीही सापडली.

"बाई, तुम्हाला माझं घरी जाणं बघवत नाही!" दादा भडकला. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "मास्तर, नापास झालात, ओरडता कशाला?"

सिस्टर हसल्या नाहीत. "नवी होते तेव्हा एकदा मी नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवला, पायाकडे बघितलं नाही. ते काका घरी पोचलेच नाहीत. तुम्ही खुशाल माझ्यावर रागवा. पण इथं, माझ्यासमोर."

त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, घरी जाणं रद्द झालं, लघवी करवणारं इंजेक्शन सुरू झालं. तरी दुपारी चारला दादाचा श्वास अडकलाच. ओठ निळसर झाले. पण ऑक्सिजन उशाशी होता, खाटेची मान वर केलेली होती आणि सिस्टरांचा हात पाठीवर होता. अर्ध्या तासात तो बोलायला लागला. त्या वेळी आम्ही रिक्षात असतो, हे कुणीच कुणाला बोलून दाखवलं नाही. वहिनीनं डबा उचलला आणि गुपचूप बाहेर ठेवून आली.

आठवड्यानं खरोखर घरी निघालो. दादानं आभाराचं भाषण तयार केलं होतं. उठून उभा राहिला, "आदरणीय सिस्टर" म्हणाला आणि पुढे शब्दच फुटेना. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच.

"बसून रडा सर," सिस्टर म्हणाल्या, "उभ्यानं दम लागतो." स्वतःचे डोळे मात्र त्यांनी उभ्यानंच पुसले.

याला दोन वर्षं झाली. दादा रोज सकाळी खोलीच्या मधोमध काटा मांडतो, डोक्यावर हात ठेवून चोरासारखा उभा राहतो, आणि वहिनी आकडा वाचते. मागच्या महिन्यात दोन दिवसांत दोन किलो वाढले, तेव्हा त्यानं आपण होऊन वॉर्डात फोन लावला.

पलीकडून पहिला प्रश्न आला, "हात कुठं होते?"

"डोक्यावर, सिस्टर."

"शाब्बास. मग लगेच निघा. खाट तयार ठेवते."