हातात काय होतं?

माझी कथा मासिकाकडून दोनदा परत आली होती. तिसऱ्यांदा पोस्टात टाकायला जानेफळहून खामगावच्या एसटीत बसलो. शेजारची म्हातारी बाई ओच्यात तुरीच्या शेंगा सोलत होती.

"काय वाचून राह्यला, भाऊ?"

घरातला पहिला पदवीधर मी! ऐटीत वाचून दाखवलं: पोरगा कॉलेजला निघतो, मायला अतीव दुःख होतं.

"दुःख झालं, समजलं. पण त्या टायमाले तिच्या हातात काय होतं?"

मी कागद पुन्हा चाळले; तिच्या हातांबद्दल कुठेच काही लिहिलं नव्हतं.

"माय रिकाम्या हातानं कधी रडते काय, बाप्पा?" सोलणं न थांबवता ती म्हणाली.

खामगावला पोस्टात गेलोच नाही. स्टँडवर बसून 'अतीव दुःख' खोडलं. मी कॉलेजला निघालो त्या सकाळची माझी माय आठवली. छापून आलेल्या कथेत आता ती भाकरीच्या फडक्याची गाठ बांधते, सोडते, पुन्हा बांधते.