झाकणकाका

कॉफीची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही काचेचा कॅफे, एसी अन् फेसावर बदाम काढणारा पोरगा डोळ्यांपुढं आणला असंल. पुसून टाका. भुताची म्हटली असती तर पांढरी साडी आणली असती. तीपण पुसा. आपला माणूस पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातला, अन् ओरडायचा एकच शब्द: "झाकण!"

देवगाव रंगारीहून संभाजीनगरला शिकायला आलो, तेव्हा ह्यांच्या गच्चीवरची खोली घेतली. काका रिटायर कारकून, घरात ते अन् काकू दोघंच. लोणच्याची बरणी असो नायतर पाण्याची टाकी, काही उघडं दिसलं की गल्लीच्या टोकापर्यंत "झाकण!" मला नकला करायची खोड. पहिल्याच आठवड्यात ती आरोळी उचलली अन् पकडला गेलो. काका म्हणाले, "नाकातनं काढतोयस. पोटातनं काढ." वर कॉफी पाजली. आमच्या गावाकडं कॉफी म्हणजे कुणी आजारी पडलं तर करायची. मी घाबरतच प्यालो.

ती कॉफी यायची चिकमंगळूरच्या डोंगरातल्या एकाच मळ्यातनं, कुरिअरनं. "काका, चार मळ्यांची मिसळली तर काय बिघडतं?"

"आघाडी सरकार होतं. चव कुणाची, दोष कुणाचा, पत्ता लागत नाही."

भाजलेल्या बिया अख्ख्याच ठेवायच्या, पिण्यापुरत्या दळायच्या. अंधाऱ्या कपाटात मोठ्या बरणीपासून छोटीपर्यंत रांग. बिया कमी झाल्या की छोट्या बरणीत हलवायच्या, म्हणजे वर हवा उरायला नको. एकदा मी फ्रिज सुचवला. "आणि तिला कालच्या मेथीचा वास लावू?" झाकणाची रबरी रिंग सैल झाली की मला घेऊन शहागंजच्या बाजारात. तिथला दुकानदार हसायचा, "चचा, हीरे रखते क्या इसमें?"

"हिरा उघड्यावर पडला तरी हिराच राहतो, मियाँ. ही नाही राहत."

मागच्या थंडीत काका झोपेतच गेले. शेवटच्या पाकिटातल्या बिया सगळ्यात छोट्या बरणीत राहिल्या. काकूंनी त्या दळल्या नाहीत. रोज सकाळी कपाट उघडायच्या, झाकण काढून नाक लावायच्या, परत बंद. "ह्यात आहेत ते अजून," म्हणायच्या. दर उघडण्याला वास थोडा उडतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी उघडायच्या.

उन्हाळा लागला. एका सकाळी दूध घ्यायला खाली गेलो तर काकू बरणीत नाक घालून कधीच्या बसलेल्या, झाकण मांडीवर. "काहीच येत नाही रे," म्हणाल्या.

अन् माझ्या तोंडातनं, थेट पोटातनं, निघालं: "झाकण!"

"लावलं हो!" काकूंनी झटकन झाकण फिरवलं. मग हात तसाच राहिला. मला वाटलं माझ्या मागं कुणी उभं आहे. वळायची छाती झाली नाय.

"अजून बोला," त्या कपाटाकडं बघत म्हणाल्या. मला त्या अरे-तुरे करायच्या. ते 'बोला' मला नव्हतं.

बोललो. मेथी, मळा, आघाडी सरकार, सगळं. काकू हसल्या, उलट उत्तरं दिली. मधेच विचारलं, "गोळी घेतली का?" मी त्याच आवाजात म्हणालो, "घेतली." आवाज काही थांबंना.

दुसऱ्या दिवशी गच्चीचा जिना वाजला. गुडघ्यांमुळं काकू कधी वर चढायच्या नाहीत. आल्या, कठड्याला धरून दम खाल्ला, अन् सुरू झाल्या.

"मेल्या, गल्लीला ऐकू जायचा तेवढाच आवाज येतो तुला! माझ्याशी कधी ओरडून बोललेत का ते? सकाळी उठवायचे तर इतकं हळू, की शेजारच्या चिमणीला कळू नये. तो आवाज कालपासून शोधतेय मी. सापडत नाही. कानात त्याच्या जागी तू येऊन बसलायस. ऊठ तिथनं!"