टोकदार गोळी

आई गेल्यावर लालबागच्या खोलीतला मोहरीचा डबा रिकामा केला, तर तळाशी ती गोळी निघाली. पितळेचा कडवट वास तोच.

मी लहान असताना बाबांची गिरणी बंद पडली होती. बाबा काकांबरोबर गावी चोरून हरणाच्या शिकारीला निघाले होते. तेवढंच घरात मटण आलं असतं. काकांनी पेपरवर गोळ्या मांडून चपट्या तोंडाच्या वेगळ्या केल्या.

“टोकदार नको रे. ह्या रायफलीच्या नळीखालच्या नळकांड्यात गोळ्यो एकामागून एक बसतत. टोक फुडच्या गोळीच्या बुडाक लागला तर थयच फुटात. ही भरूची तर एकटीच.”

काकांची पाठ वळताच बाबांनी तीच उचलून मूठ मिटली. आई स्टोव्हपासून उठली आणि त्यांची बोटं सोडवू लागली. बाबा सोडेनात.

“ही हरणासाठी नाय,” ती हळूच म्हणाली आणि गोळी काढून घेतली.

एक गोळी कमी म्हणजे मटण कमी, म्हणून मी आईवर चिडलो होतो. आता माझीही नोकरी गेलीय, तेव्हा कळतंय बाबांनी ती गोळी कोणासाठी उचलली होती.

“हातात काय धरून बसलायस?” बायकोनं आतून विचारलं.

तेव्हा लक्षात आलं, माझीही मूठ मिटलेली होती.