प्लेट कोरी!

चार लॅबवाले एकत्र बसले की डब्याआधी किस्से उघडतात. आमची लॅब झाशीची, काम न्यूमोकोकस शोधायचं. हा जंतू लहान मुलांच्या रक्तात, नाहीतर मेंदूभोवतीच्या पाण्यात शिरतो आणि घात करतो. लस आल्यावर तो कमी होतो का, हे आम्हाला बघायचं होतं.

*

त्याचे नखरे फार! नमुन्यातला जंतू वाढवायच्या प्लेटा बरणीत ठेवायच्या, आत मेणबत्ती पेटवायची, झाकण लावायचं. ती विझली की आतली हवा त्याला मानवते. नवे शिपाई तिवारीजी हे रोज बघायचे. एकदा त्यांनी बरणीपुढे झेंडू ठेवला आणि मलाच झापलं, "मॅडमजी, रोज बत्ती करती हो, फूल एक दिन नहीं!"

*

आमचे टेक्निशियन सुळेकाका खंडेराव गेटचे, पिढीजात झाशीकर. एका नव्या डॉक्टरनं मुलाच्या मेंदूभोवतीचं, पाठीत सुई घालून काढलेलं पाणी अगदी जपून फ्रीजमध्ये ठेवलं. हा जंतू गारठ्यानं मरतो! काकांनी कपाळाला हात लावला. "डॉक्टरसाहब, चोर पकड़ना था, आपने तो मार ही डाला!"

*

बरुआसागरची रामकली तर पोराचं ते पाणी काढूच देईना. "हमाओ लल्ला लँगड़ो हो जैहे!" काकांनी तिची समजूत घातली. नमुन्यात जंतू सापडला, औषध लागू पडलं, लल्ला वाचला. पण आजारानं त्याचे कान गेले. आई मागून वाटी वाजवायची, तो वळायचाच नाही. काकांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

*

पुढे लस सुरू झाली आणि हा जंतू क्वचितच दिसू लागला. वरचे साहेब आले. "सुळेजी, आजकल कुछ निकलता नहीं, काम बंद है क्या?"

"साब, घर घर चौकीदार बिठा दिया, अब चोर कहाँ से लाऊँ?"

*

आणि एक दिवस रामकली पुन्हा वॉर्डात! कडेवर धाकटी, तापानं फणफणलेली, पदराला धरून लल्ला. लशी सगळ्या झाल्या होत्या, तरी आम्ही तिचा नमुना प्लेटवर लावला. काका बरणीपासून हलेनात.

प्लेट कोरी निघाली. तोवर तापही उतरला होता. काका धावत सांगायला गेले, तर रामकलीचं लक्षच नाही. ती धाकटीच्या मागे बसून वाटी वाजवत होती. वाजवली की पोरगी वळायची. आई पुन्हा वाजवायची.

लल्ला हे टक लावून बघत होता. त्यानं आईच्या हातातून वाटी ओढून घेतली आणि स्वतःच बडवायला लागला. बहीण वळली, त्याच्याकडे बघून हसली. त्यानं आणखी जोरात बडवली.

शेजारच्या खाटेवरची बाई वैतागली. "अरे, अब बस भी करो!"

रामकली म्हणाली, "बजान दो, जिज्जी."