आईने लिहिलेली शाळा

कुंड्या रंगवायला गेरू भिजवला की त्या वासासरशी मला आईच्या भाजीच्या टोपल्या दिसतात. आई शाळेत गेलेली नव्हती. आमच्या वसईच्या वाडीतली भाजी टेम्पोने जायची, तेव्हा कुठली टोपली कुठे उतरवायची ते ती टोपलीवर गेरूने काढायची: फुलपाड्याला घरावर फूल, गोखिवऱ्याला कारखान्याचं धुराडं. टेम्पोवाला कधी चुकला नाही, पण मला मात्र त्या चित्रांची लाज वाटायची. सातवीत असताना बाईंनी वर्गात एका पुस्तकातलं चित्र दाखवलं, टेकडी आणि तिच्यावर नाकतोडा. मेक्सिकोतले जुने नाहुआ लोक गावाचं नाव असं लिहायचे, म्हणाल्या. हे गाव म्हणजे नाकतोड्याची टेकडी. "बाई, माझी आईपण असंच लिहिते," माझ्या तोंडून निघून गेलं आणि अख्खा वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत. संध्याकाळी त्या थेट वाडीत आल्या, एकेक टोपली फिरवून बघितली आणि आईला म्हणाल्या, "आमची शाळा कशी लिहाल?" आईने गेरूत बोट बुडवलं, रिकाम्या टोपलीवर एक दार काढलं आणि दारात दोन वेण्यांची मुलगी. "शाळेत आमचं कोन जातं? ही पोर. मग तिलाच काढली," ती म्हणाली. ती टोपली वर्षभर आमच्या वर्गात होती. पुढे मी पुष्कळ शिकले, पण आईला कुणी अडाणी म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. माझ्या शाळेचं नाव तिने लिहिलंय, आणि त्या नावात मी आहे.